हैबतरावांच्या मापाचा सोफा

शांतीताई कुणालाही भेटल्या की आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघतात, चेहऱ्याकडे मागाहून. परवा आमच्या शाळेचे नवे मुख्याध्यापक त्यांच्याकडे सोफ्याची चौकशी करायला गेले होते. रस्ता दाखवायला म्हणून मी सोबत होते. शांतीताईंनी सरांना बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "आता उठा बगू, सर." सर उठले. "परत बसा." सर बसले. "आता हात न टेकता उठा." आयुष्यभर पोरांना उठाबशा काढायला लावणारा माणूस शांतीताईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः उठाबशा काढत होता. त्यांच्याच शाळेत मी शिकवते, त्यामुळे मला खिडकीबाहेर बघत हसू आवरावं लागलं.

"कसला सोफा हवाय?" असं त्या आधी विचारतच नाहीत. "घरात कोन कोन बसनार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हे त्यांना कसं सुचलं, तेच सांगायचंय.

शांतीताईंचा जन्म वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातला. आईवडील मिठागरावर कामाला. घरात बसायचं म्हणजे भुईवर, बाहेर बसायचं तर बांधावर, नाहीतर पालथ्या टोपलीवर. खुर्ची फक्त शाळेत होती आणि तीही गुरुजींची. लग्न होऊन त्या पेणला आल्या. नवरा जनूभाऊ गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचं काम करतात. शांत, कमी बोलणारा माणूस; पण बोलला की समोरचा हसतोच. शांतीताई घरी बसून कंटाळल्या, तेव्हा तेच त्यांना म्हणाले, "शिवन येतं ना गो तुला? मग बाप्पाला धोतर नेसव." तेव्हापासून त्या मूर्तींची पितांबरं, शेले, फेटे शिवू लागल्या. मोठ्या पोटावरून शेला न घसरता कसा न्यायचा, सोंडेला न अडता फेटा कसा बांधायचा, हे त्यांच्या बोटांना इतकं पाठ झालं की बोलता बोलता हात आपसूक चालत.

सोफा त्यांच्या आयुष्यात आला तो गणपतीमुळेच. कारखान्याचे मालक दिनानाथशेठ एक दिवस हैराण होऊन बसले होते. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाला गणपती सोफ्यावर रेललेला हवा होता. मातीचा सोफा करून पाहिला, तर तो भलता जड झाला आणि दिसायला थेट पाण्याची टाकी. शेठनी फोनवरचं चित्र सगळ्यांना दाखवलं. हिरवा सोफा, दोन्ही हात गुंडाळीसारखे बाहेर वळलेले, पाठीवर बटणांचे खळगे.

"मी करून बगू?" शांतीताईंनी विचारलं.

फळीचा सांगाडा, गादीतला उरलेला फोम, त्यावर मखमल. बटणांचं कोडं काही सुटेना. नुसती शिवली तर ती वरच तरंगत. मग त्यांनी ब्लाऊजच्या बटणांवर मखमल चढवली, जाड दोरा ओवला आणि मागच्या फळीला भोकं पाडून एकेक बटण आत ओढून घट्ट बांधलं. ओढलं की भोवतीच्या कापडाला आपसूक चुण्या पडत, आणि चुण्यांची चौकटीचौकटींची नक्षी तयार होई. कारखान्यातली माणसं रंगाचे ब्रश हातात तसेच धरून बघायला जमली. बाप्पाला त्यावर बसवलं, तर बाप्पाही खूश दिसला.

त्या संध्याकाळी शांतीताई आमच्या ओटीवर आल्या. आम्ही शेजारी. "बाई, तुमी विंग्रजी वाचता. या आसनाला काय म्हनतात ते बगा ना फोनवर."

मी शोधलं आणि वाचून दाखवलं. त्याला चेस्टरफिल्ड म्हणतात. त्याची गोष्ट अशी सांगतात, की अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी विलायतेत त्या नावाचा एक सरदार होता. माणसाला ताठ बसता यावं आणि अंगातल्या कोटाला सुरकुती पडू नये, म्हणून त्यानं हा सोफा करून घेतला. खरं-खोटं कुणालाच ठाऊक नाही, पण गोष्ट टिकलीय.

शांतीताई पदर तोंडाला लावून हसल्या. "कोटाला चुनी पडू नये म्हनून सोफ्याला एवढ्या चुन्या?"

तिथून आम्हा दोघींना छंदच जडला. पुढच्या हंगामात दुसऱ्या गिऱ्हाइकांनीही सोफ्यावरचे गणपती मागितले आणि शांतीताईंना दर वर्षी नवा सोफा करावासा वाटू लागला. पापड वाळत घातलेल्या आमच्या ओटीवर बसून आम्ही चित्रं बघायचो. मी वाचायचे, त्या ऐकायच्या आणि प्रत्येकाला आपलं नाव द्यायच्या. ज्याच्या पाठीला मधोमध उंचवटा असतो तो कॅमलबॅक झाला 'उंटपाठी'. ज्यावर बाई एका अंगावर रेलून पाय लांब करते, ती फ्रेंचांची शेझ लाँग झाली 'पायपसरी'. हात आणि पाठ एकाच उंचीची असते तो टक्सेडो त्यांना अजिबात आवडला नाही. "ह्यो सोफा नाय, खोका हाय," म्हणाल्या. फ्रान्सच्या राजवाड्यांतला, वेलीसारखी लाकडाची कड वळत जाणारा, वाकड्या पायांचा सोफा मात्र त्या पुन्हा पुन्हा बघत. "याचे पाय बगा, बाई. बकरीनं उडी मारायच्या आधी वाकवावेत तसे."

एकदा मी त्यांना सांगितलं, की सोफा हा शब्दच मुळात अरबी आहे. 'सुफ्फा' म्हणजे बसायला केलेला उंचवटा, वर चटई-गालिचा अंथरलेला.

"म्हंजे ओटाच की!" शांतीताई म्हणाल्या आणि आम्ही बसलो होतो त्या ओट्यावर हात आपटला. "मग आपन काय आजच बसतोय काय सोफ्यावर!"

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडायची. दोघांपुरता जो छोटा सोफा असतो, त्याला आता लोक नवराबायकोचा म्हणतात. पण आधी तो एकट्या बाईसाठीच होता म्हणे. त्या काळच्या बायकांचे झगे इतके घेरदार, की एका खुर्चीत मावत नसत. पुढे झगे आटोपशीर झाले, जागा उरली आणि शेजारी नवरा येऊन बसला. शांतीताईंनी हे जनूभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "व्हय, आमाला उरलेली जागाच मिलते."

अशी काही वर्षं गेली. शांतीताईंची मुलगी पिंकी रोह्याला दिली. जावई अक्षय धाटावच्या एका कंपनीत आहे, कामाच्या शिफ्ट बदलत्या. त्याचे वडील हैबतराव रोह्याच्या आत, डोंगराकडच्या गावात भात आणि वाल पिकवतात. उंचापुरा, खणखणीत आवाजाचा माणूस. सहा फुटांच्या आसपास असतील आणि त्यातले निम्मे पायच. अक्षय-पिंकीनं रोह्यात दुसऱ्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला, तेव्हा हैबतरावांनी गावातून नारळ, तांदूळ आणि वालाचं पोतं घेऊन यावं आणि मुक्काम करावा अशी सगळ्यांची इच्छा. ते यायचेही. पण बसायचे कुठे?

गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना भुईवरून उठता येत नव्हतं. पलंगावर दिवसा बसणं म्हणजे आजाऱ्याचं लक्षण, असं त्यांचं मत. मग ते दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचे, बिल्डिंगच्या वॉचमनसारखे, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. पिंकीला वाईट वाटायचं. मग एका रविवारी सगळे मिळून पनवेलला एका मोठ्या दुकानात सोफा बघायला गेले. तिथे एक मऊशार, राखाडी, इंग्रजी एल अक्षरासारखा सोफा पिंकीला आवडला. विक्रेता म्हणाला, "काका, बसून तर बघा." हैबतराव बसले. बसले ते आतच गेले. गुडघे छातीपर्यंत वर आले. उठायला गेले तर हाताला धरायला काही नाही, आणि जोर लावावा तितका सोफा त्यांना खाली घेई. शेवटी अक्षय आणि विक्रेता, दोघांनी दोन हात धरून त्यांना विहिरीतून काढावं तसं काढलं. दुकानातली एक छोटी मुलगी टाळ्या वाजवू लागली.

परतताना रोहा आल्यावर हैबतराव ग्रामदैवताच्या देवळाच्या दिशेनं हात जोडून म्हणाले, "धावीर महाराजांची आन, परत सोफ्याचं नाव काढू नका माज्यासमोर." त्यानंतर ते फ्लॅटवर यायचेच थांबले.

पिंकीनं हे आईला फोनवर सांगितलं. शांतीताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नको घेऊ तो सोफा. मी करते."

जनूभाऊ शेजारी जेवत होते. घास तसाच धरून त्यांनी विचारलं, "तू? गो, बाप्पाचा सोफा वेगला, मानसाचा वेगला."

"का वेगला?"

"बाप्पा एकदा बसला की विसर्जनापरेंत उठत नाय. मानसाला उठावं लागतं."

शांतीताई हे मला सांगायला दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी धावत आल्या, केसही न विंचरता. "बाई, आपन इतकी चित्रं बगितली, पन सगली बसल्याची बगितली. उठन्याचं कुनी बोललंच नाय!" मग त्यांनीच पुढे विचार लावला. कोट चुरगळू नये म्हणून एकाचा सोफा. झगा मावावा म्हणून दुसरीचा. अमेरिकेत एका श्रीमंतानं ऐसपैस, सुट्या उशांचा सोफा करून घेतला, तो लॉसन. आजही निम्म्या घरांत त्याचीच पिल्लं आहेत. म्हणजे प्रत्येक सोफा आधी कुणा एका माणसासाठी झाला. मग जगानं उचलला. "मंग आमच्या व्याह्यांसाठी कुनी केलाय? कुनीच नाय. तर आपन करू."

थंडी पडू लागली होती. वालाच्या शेंगा भरत होत्या. शांतीताई व्याह्यांच्या गावी गेल्या, निमित्त वालाच्या शेंगा आणायचं. मी सोबत होते. अशा ठिकाणी मी सुट्टी काढूनही जाते. हैबतराव शेताच्या बांधावर बसले होते. आम्हाला बघताच ते उठले, एका हाताचा दगडाला टेकू घेऊन, अगदी सहज. शांतीताई थबकल्या.

"बसा ना, बसा," त्या म्हणाल्या.

ते बसले. चहा आला. चहा पिऊन झाल्यावर कप गोळा करून शेजारची मुलगी परत जायला वळली, तसे हैबतराव तिला कप द्यायला पुन्हा उठले. पुन्हा सहज. शांतीताईंनी पिशवीतून शिवणाची टेप काढली आणि बांधाच्या कडेला उकिडवं बसून बांधाची उंची मोजायला लागल्या. मग तो टेकूचा दगड. मग न विचारता हैबतरावांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप धरली.

"विहीणबाई," हैबतराव वरून म्हणाले, "धोतर शिवताय काय माजं?"

"नाय. सोफा."

क्षणभर मला वाटलं, आता इथून चालत रोह्याला जावं लागणार. हैबतरावांचा चेहरा लाल झाला. मग त्यांना त्या उकिडव्या बसलेल्या विहिणीचं आणि त्या टेपचं काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाय सरळ करून पुढे केला. "घ्या माप. पण मी बसनार नाय, सांगून ठेवतो."

"नका बसू," शांतीताई म्हणाल्या. "माप तर देऊन ठेवा."

पेणला परतल्यावर काम सुरू झालं. रघू सुतारानं जुन्या सागाचा सांगाडा केला. बैठक बांधाइतकी उंच. हात पुढच्या बाजूला गोल वळलेले, मुठीत धरता येतील आणि धरून उठता येईल असे, अगदी त्या दगडाच्या उंचीला. पाठीला उंटपाठीचा उंचवटा, कारण हैबतरावांची मान इतरांपेक्षा वर पोचते. लांबी अक्षयची. रात्रपाळी करून आला की आडवं होता यावं, पाय बाहेर लोंबू नयेत. उशा सुट्या, पिंकीला काढून धुता याव्यात. विलायतेत पूर्वी आत घोड्याचे केस भरत, असं मी वाचून दाखवलं होतं. "आपल्याकडं काथ्या हाय," शांतीताईंनी निकाल दिला. खाली पट्टे, त्यावर स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, काथ्या आणि मग फोम.

पहिला प्रयत्न फसला. स्प्रिंगा फारच जोरदार निघाल्या. जनूभाऊ ऐटीत बसले आणि चेंडूसारखे वर आले. "ह्यो सोफा नाय, घोडा हाय," म्हणाले आणि मग मुद्दाम पुन्हा पुन्हा बसू लागले. रघू बसला, मी बसले, दिनानाथशेठ येऊन बसले. शेठ वजनदार, त्यांच्या खाली मात्र तो अगदी शहाण्यासारखा वागला. शांतीताई बाजूला उभ्या राहून प्रत्येकाचे गुडघे बघत होत्या. मग त्यांनी सगळं उसवलं, स्प्रिंगा दोऱ्यांनी एकमेकींना आडव्या-उभ्या बांधल्या, बाजेची वीण असते तशा. आता बसलं की बैठक थोडी दबायची आणि मग पायाखाली भुई लागावी तशी थांबायची.

कापडाच्या रंगावरून मायलेकींत फोनवर रोज भांडण. पिंकीला राखाडीच हवा. शांतीताई म्हणायच्या, पावसाल्यात आभाल राखाडी, रस्ता राखाडी, आता घरातही तेच कशाला? शेवटी भाताच्या रोपाचा हिरवा ठरला आणि उशा राखाडी.

जानेवारीतल्या एका सकाळी टेम्पो निघाला. मी ड्रायव्हरशेजारी. मागे उघड्या हौद्यात दोरखंडांनी बांधलेला सोफा, आणि तो हलू नये म्हणून त्यावर बसलेले शांतीताई आणि जनूभाऊ. त्यांच्या पायाशी रघू आणि कारखान्यातले दोघे जण. वडखळच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती. अलिबागला निघालेल्या एका मोटारीतल्या मुलांनी काच खाली करून हात हलवले, तसा जनूभाऊंनी उंटपाठीला टेकून राजासारखा हात वर केला. शांतीताई लाजल्या, पण त्यांनीही पदर सारखा करून हात हलवलाच. भिसे खिंडीतून जाताना वारा झोंबत होता आणि मागून दोघांच्या हसण्याचे आवाज येत होते. मी ड्रायव्हरला म्हटलं, "सावकाश घे हो. घाई नाही."

रोह्याला पोचलो. पिंकी खाली उभी होती. शेजारी हैबतराव, शेंगांचं पोतं घेऊन. सुनेनं 'विहीणबाई येतायत, जेवायला या' एवढंच सांगितलं होतं; पण टेम्पो बघून त्यांना सगळं कळलं. ते पार्किंगमध्ये आणून ठेवलेल्या आपल्या जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि दोन्ही हात काठीवर ठेवून तमाशा बघू लागले.

तमाशा झालाही. सोफा जिन्यात घुसला, पहिल्या वळणाला गेला आणि तिथेच अडकला. वर जाईना, खाली येईना. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन पलीकडे अडकले. त्यांना सोफ्यावरून उतरवून घ्यावं लागलं. बिचारे बूट काढून उतरले. रघू म्हणाला, "पाय कापले तर जाईल."

"पाय कापायचे?" शांतीताई कडाडल्या. "मग मापं काय गंमत म्हनून घेतली?"

जनूभाऊ बाहेर गेले, मान वर करून इमारतीकडे बघत उभे राहिले आणि परत आले. "आपन मोठा गनपती कधी जिन्यातून नेलाय काय? गॅलरीतून घेऊ."

नव्या फ्लॅटच्या गॅलरीला अजून जाळी बसली नव्हती. कारखान्यातले दोघे दोर घेऊन वर गेले. तेवढ्यात रात्रपाळी आटोपून आलेले अक्षय आणि त्याचे मित्र कंपनीच्या बसमधून उतरले. डोळे तांबारलेले, पण समोरचा प्रकार बघून सगळे जागे झाले. चौघे वर, चौघे खाली. सोफ्याला गोधड्या गुंडाळल्या, दोर बांधले. पहिल्या ओढीला सोफा तिरका झाला, कारण प्रत्येक जण आपल्या वेळेनं ओढत होता. जनूभाऊ खालून ओरडले, "तसं नाय! माज्या आवाजावर. गनपती बाप्पा…"

"मोरया!" सगळ्यांनी एकदम ओढलं. सोफा सरळ वर उचलला गेला.

"मंगलमूर्ती…"

"मोरया!"

आवाज गल्लीभर घुमला. दारं उघडली, खिडक्या उघडल्या. समोरच्या घरातल्या धोंडुबाई नावाच्या आजी निरांजनाचं ताट घेऊन लगबगीनं बाहेर आल्या. माघी गणपतीला अजून अवकाश होता, पण मोरया ऐकल्यावर त्या थोड्याच थांबणार? हवेत लोंबकळणारं गोधडीतलं गाठोडं बघून त्यांनी हात जोडले. मग गोधडी जराशी सरकली, हिरवा हात दिसला.

"बाप्पा कुठाय रे?" आजींनी विचारलं.

"बाप्पा मागून येतोय," जनूभाऊ म्हणाले. "आधी आसन."

"असं होय," आजी म्हणाल्या आणि निरांजन विझू नये म्हणून पदर आडवा धरून जिना चढायला लागल्या. वर सोफा गॅलरीतून आत गेला, गोधड्या निघाल्या, तेव्हा आजींनी त्याच्या गोल हाताला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. कुंकवाचा तो ठिपका कापडात उतरला. पिंकीनं तो अजून धुतलेला नाही.

आता सगळे हैबतरावांची वाट बघत होते आणि कुणीच त्यांना 'बसा' म्हणत नव्हतं. ते काठी टेकत वर आले. सोफ्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर थाप मारली, बैल विकत घेताना मारतात तशी. मग पिंकीकडे बघून म्हणाले, "घरात एवढी माणसं हायत. पाणी दे त्यांना." पिंकी हलली नाही.

हैबतराव बसले. अगदी कडेला, टेकल्यासारखे. मग थोडे मागे सरकले. मान उंचवट्याला लागली. हात आपोआप त्या गोल हातांवर गेले. शांतीताई भिंतीला चिकटून उभ्या होत्या, नजर गुडघ्यांवर.

हैबतराव उठले. सरळ, एका दमात. ते स्वतःच जरा चपापले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. मग त्यांचा तो खणखणीत आवाज निघाला, "विहीणबाई! उठता येतंय की हो!"

हसण्याचा असा गलका झाला की खालून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. शांतीताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, दोन्ही एकदम. "बसता येतंय काय ते सांगा आदी!"

"बसतोय ना! तुमच्या समोरच तर बसलोय!" म्हणत ते पुन्हा बसले, आणि या वेळी काठी बाजूला ठेवली.

पाणी झालं, चहा झाला. हैबतराव गॅलरीत उभं राहून माणसांशी बोलायला उठले, तेवढ्यात रात्रभर जागलेला अक्षय रिकाम्या सोफ्यावर आडवा झाला आणि त्या गोंधळातच घोरायला लागला. पाय बाहेर आले नव्हते. शांतीताईंनी तेही बघून घेतलं.

संध्याकाळची एसटी त्या दिवशी हैबतरावांशिवाय गेली. बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी वालाच्या शेंगांची पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी. मडकं पालथं घालून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. भाजीच्या पिशवीवाले गृहस्थ आले, धोंडुबाई आल्या, अक्षय झोपेतून उठून आला. गरम शेंगा फुंकर घालून खाताना हैबतराव प्रत्येकाला सांगत होते, "वर माज्या मापाचा सोफा हाय. बघून या. पण बसून फार वेळ राहू नका."

त्या मजल्यावरच्या दोन घरांनी तिथेच आपली मापं दिली. त्या वर्षभरात शांतीताईंच्या हाताला इतकं काम लागलं, की दिनानाथशेठनी कारखान्यामागची पत्र्याची शेड त्यांना वापरायला दिली. बाप्पांची पितांबरं त्या अजून शिवतातच. श्रावणापासून सोफ्यांची कामं बाजूला राहतात आणि गिऱ्हाइकं मुकाट्यानं थांबतात. एका सावळ्या, ठेंगण्या बाईंसाठी त्यांनी इतकी बुटकी बैठक केली की इतर कुणी बसलं तर उकिडवं बसल्यासारखं वाटतं. त्या बाई म्हणाल्या, की आयुष्यात पहिल्यांदा पाय जमिनीला लागले.

सध्या शेडमध्ये चाललंय ते काम बघायला मात्र अर्धं पेण येऊन जातं. निवृत्त झालेले सुशीलराव आणि अनिताबाई, पेणचंच जोडपं. दोघांनाही बोलायला फार लागतं आणि दोघांनाही ऐकायला कमी येतं. शेजारी बसलं की मान वळवून वळवून दुखते, समोर बसलं की ओरडावं लागतं. शांतीताईंना आमच्या जुन्या चित्रांतला तो फ्रेंच सोफा आठवला, सापासारखा वळलेला, ज्यात दोघं एकमेकांच्या शेजारी पण उलट्या दिशांना तोंड करून बसतात, आणि कानाशी कान येतो.

काल सांगाडा तयार झाला म्हणून दोघांना बसवून बघितलं. अजून काथ्या नाही, फोम नाही, नुसती फळी.

"कसं वाटतंय?" शांतीताईंनी विचारलं.

"हा माझं ऐकत नाही, ते आता मला नीट कळेल," अनिताबाई म्हणाल्या.

"काय म्हणतेस?" सुशीलराव म्हणाले.

"काही नाही!" अनिताबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं, आणि दोघंही त्या उघड्या फळीवर बसून इतके हसले, की रघूला धावत जाऊन सांगाड्याचा मागचा पाय धरावा लागला.